मुंजाभाऊंनी बदललेली कार्डं

जिंतूरच्या बस स्टँडवरून एका अनोळखी माणसाचा फोन आला तेव्हा मी घरी परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. रविवार होता, उन्हं चांगलीच चढली होती. नंबर मुंजाभाऊंचा, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा. “म्याडम बोलायल्या का? या फोनात तुमचं नाव नुसतं ‘म्याडम’ असं हाय, आन सगळ्यात वर तुमचाच नंबर हाय, मून तुमाला लावला.” मग त्याने सांगितलं, की हे साहेब बाकड्यावर बसल्या बसल्या कलंडले, चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं, पण तिथे पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. “तुमचे कोन लागतात हे?” त्याने विचारलं. मी म्हणाले, “आमच्या कॉलेजात आहेत.” फोन ठेवला आणि ते उत्तर माझं मलाच कसंसं वाटलं. बावीस वर्षं ज्या माणसासोबत एका खोलीत काम केलं, त्याच्यासाठी याहून जवळचा शब्द मला वेळेवर सापडला नाही... ते जिंतूरला कशासाठी गेले होते, हा प्रश्न त्या दिवशी मनात आलासुद्धा नाही. लग्नसराई होती. कुणाच्या तरी लग्नाला निघाले असतील, असं मी धरून चालले.

मुंजाजी गरड हे परभणीच्या आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेचे सहायक होते. मूळ पालमकडचे. आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलेले. पण त्यांचं खरं शिक्षण उघड्या पडलेल्या यंत्रांसमोर बसून झालेलं. जळालेल्या सर्किटचा वास घेऊन कोणता भाग गेलाय ते सांगायचे, आणि दहापैकी नऊ वेळा ते बरोबर निघायचं. मी नवी नवी शिकवायला लागले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच प्रॅक्टिकलला ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर काही केल्या लाट दिसेना. साठ मुलं माझ्याकडे बघत होती. मुंजाभाऊ धूळ पुसायचं फडकं घेऊन माझ्या मागून गेले, आणि पडद्यावर लाट आली. त्यांनी जाता जाता एक बटण फिरवलं होतं. मुलांना कळलं नाही, आणि त्यांनी पुढेही तो विषय कधी काढला नाही. मास्तरची फजिती मुलांसमोर होऊ द्यायची नाही, असा त्यांचा एक न सांगितलेला नियम होता. त्या दिवशी मला तो नियम फार आवडला.

माझं पीएच.डी.चं संशोधन काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. एक प्रकारची चिप असते, जिच्या आतल्या जोडण्या कायमच्या ठरलेल्या नसतात. त्या हव्या तेव्हा बदलता येतात. तिच्या आत हजारो छोटे कप्पे असतात. त्यातले काही उष्णतेने किंवा विजेच्या झटक्याने मेले, तर चिपनेच स्वतःसाठी नवी जोडणी शोधायची, मेलेल्या कप्प्यांना वळसा घालून. शोधायची कशी? शेकडो जोडण्या अंदाजाने करून बघायच्या, ज्या बऱ्या चालतात त्या ठेवायच्या, त्यांची एकमेकींत सरमिसळ करायची, पुन्हा करून बघायच्या. शेतकरी जसं दरवर्षी चांगल्या कणसाचं बी राखून ठेवतो, तसंच काहीसं. असं करत करत कधीतरी एक जोडणी अशी निघते, की अर्धी मेलेली चिपसुद्धा काम करू लागते. पुस्तकात हे सगळं अंतराळात जाणाऱ्या यानांसाठी लिहिलेलं असतं, कारण तिथे दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही. मला वाटायचं, आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात काय वेगळं आहे? ठिबकचं पाणी सोडणारी यंत्रं शेतात बसवतात, मे महिन्यात ती भाजून निघतात, वीज वरखाली होते, आतलं सर्किटचं कार्ड जळतं. आणि ते दुरुस्त करायला शेतकऱ्याला एक दिवस मोडून परभणीला यावं लागतं. यंत्रानेच स्वतःला सावरलं तर?

मुंजाभाऊंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी ती चिप हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, “म्हंजी मेकॅनिकच नको मना की.” मी हसले. तेही हसले... आता वाटतं, नीट बघायला हवं होतं ते हसणं.

आम्ही तीन पेट्या तयार केल्या. मातीतली ओल मोजायची आणि कमी झाली की पाणी सोडायचं, एवढंच पेटीचं काम. आत ती चिप बसवलेलं कार्ड. एक पेटी झरीला, एक चारठाण्याला मोसंबीच्या बागेत, एक पालमला. बसवायला आम्ही दोघं मिळून गेलो होतो. चारठाण्याला जुन्या देवळांच्या मागून शेताकडे वाट जाते, त्या वाटेने मुंजाभाऊ पेटी खांद्यावर घेऊन पुढे आणि मी मागे. त्यानंतर शेतात जायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. “तुमी कामून उन्हात येता म्याडम? तुमी इथं बसून आकडे बगा. शेताचा जिम्मा माझा.” माझी मुलगी दहावीला होती, सासूबाई आजारी होत्या, तासिका होत्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. झरी जवळ असल्याने तिथे मी दोनतीनदा गेले, तीही बाहेरचे पाहुणे दाखवायला आणले म्हणून. दर वेळी मुंजाभाऊ आदल्या दिवशी जाऊन “साफसफाई” करून यायचे.

पहिल्या उन्हाळ्यात चारठाण्याची पेटी बंद पडली आणि पुन्हा चालू झाली. महिनाअखेरीस मुंजाभाऊंनी आणलेली नोंद मी संगणकावर उघडली आणि जागची उठलेच. सकाळी आठला पेटी थांबली होती, दुपारी दोनला पुन्हा सुरू झाली होती. नवी जोडणीही नोंदवलेली होती, मेलेल्या कप्प्यांना सुरेख वळसा घालून. सहा तासांत पेटीने स्वतःला बरं केलं होतं, चारठाण्याच्या उन्हात, कुणाचाही हात न लागता! मी सगळ्या विभागाला पेढे वाटले. मुंजाभाऊ दाराशी उभे होते. त्यांच्यापुढे बॉक्स धरला तर म्हणाले, “साखर वाढलीय म्याडम.” त्यांना साखरेचा त्रास कधीच नव्हता, हे मला परवा त्यांच्या बायकोकडून कळलं.

पुढच्या तीन वर्षांत अशा अकरा नोंदी झाल्या. त्यावर माझा प्रबंध उभा राहिला, एक शोधनिबंध छापून आला, बाहेरच्या लोकांनी बोलावून कौतुक केलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी लिहिलं, की श्री. गरड यांच्या प्रामाणिक साहाय्याशिवाय हे काम झालं नसतं. ते पान मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ते खाली बघत राहिले. मला तो त्यांचा संकोच वाटला. एकदा मात्र त्यांनी विचारलं होतं, “म्याडम, पेटी सुदरायला लयीत लय किती येळ घेती?” मी सांगितलं, “कधी तास, कधी अख्खा दिवस, कधी त्याहूनही जास्त. नशिबाचा भाग आहे. थांबायचं.” ते म्हणाले, “दिसभर? बाग थांबल का तवर?” मी म्हणाले, तो प्रश्न पुढच्या संशोधकांचा. असं म्हणून मी तासाला निघून गेले.

ते गेल्यानंतर दोन आठवड्यांनी नोंदी आणायचं काम माझ्याकडे आलं. जिंतूरला गाडी बदलून चारठाण्याला गेले. ज्यांच्या बागेत पेटी आहे त्या गयाबाई बांधावरच भेटल्या. साठीच्या, उन्हाने रापलेल्या बाई. मला बघून आधी त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, “बाई, माज्यामुळंच झालं वो सगळं. पेटी बंद मून मीच फोन केलता त्यायला. सकाळच्यालाच मनले, येतो दुपारपस्तोर. आले न्हाईत... मंग कळालं.”

मी विचारलं, “पेटी बंद पडली की तुम्ही त्यांना फोन करायच्या?”

“करावाच लागायचा की. लय कटकट हाय या पेटीची. ऊन वाढलं की बसलीच. मंग ते यायचे, इथं लिंबाखाली बसायचे, घड्याळ बगत. लय येळ बगायचे. मंग पेटी खोलून आतलं पान बदलून टाकायचे. मला मनायचे, म्याडमला सांगू नका, त्यायला परीक्षा हाय.”

आतलं पान म्हणजे कार्ड. मी पेटी उघडली. पेटी बसवली तेव्हा प्रत्येक कार्डावर मी माझ्या हाताने तारीख घालून सही केली होती. आतल्या कार्डावर काहीच नव्हतं. कोरं, वेगळंच कार्ड होतं ते, आणि तेही मरून दोन आठवडे झाले होते. गयाबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा मी बांधावर खाली बसले होते. “चक्कर आली का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. तिथूनच पालमला आणि झरीला फोन लावले. दोन्हीकडे तेच. मुंजाभाऊ यायचे, थांबायचे, बदलायचे, जायचे.

परतीच्या गाडीत मी हिशेब लावत होते, की नोंदींमधल्या त्या सुरेख जोडण्या मग कुठून आल्या. उत्तर साधं होतं. प्रयोगशाळेत, पंख्याखाली, दुसऱ्या कार्डावर ते त्या तयार करत होते आणि पेटीच्या नोंदीत भरत होते. ते करायला मीच शिकवलं होतं त्यांना. मोठ्या कौतुकाने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. कौसल्यावहिनी, त्यांच्या पत्नी, मी कशाला आले ते ओळखून होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “चारठान्याला गेलत्या मनं.”

“तुम्हाला माहीत होतं वहिनी?”

“दर आयतवारी माणूस पिशवी घिऊन जायलाय, घरच्याला म्हाईत नसंल का?” त्या म्हणाल्या. “पैल्या बारीला पेटी बंद पडली तवा तुमचे ते मोठे सायेब आकडे तपासायला यायचे होते. हे मनले, यवड्या बारीला बदलतो, न्हाईतर म्याडमचं हसं हुईल. मंग तुमी पेढे वाटले. त्या दिशी घरी आले ते जेवलेच न्हाईत. मी मनलं, सांगून टाका. मनले, आता कसं सांगू, त्या नाचायल्यात.”

मी म्हणाले, “मी प्रबंधात त्यांना प्रामाणिक म्हणून लिहिलंय वहिनी. छापलंय. त्यांनी मला एक शब्द बोलायचा होता. पेटी हरली असती तर हरली असती. मला कळलं तरी असतं कुठे चुकतंय ते. तीन वर्षं मी जे खरं मानलं...”

वहिनींनी मला रडू दिलं. मग अगदी शांतपणे विचारलं, “तुमी किती बारी गेल्या चारठान्याला? इतक्या वर्सात?”

मी म्हणाले, “एकदा. पेटी बसवायला.”

“मंग,” त्या म्हणाल्या. उठून आत गेल्या आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. “हे तुमचंच हाय. मी टाकून देणार होते. मनलं, तुमी याल.”

डब्यात अकरा मेलेली कार्डं होती, प्रत्येक कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. त्यातल्या तीन कार्डांवर माझी सही होती. आणि एक वही होती. तिच्यात मुंजाभाऊंच्या ठसठशीत अक्षरात सगळं लिहिलेलं. मला दिलेल्या नोंदींत जे नव्हतं ते सगळं. “चारठाणा. सकाळी आठला बंद. साडेदहाला पोचलो. दोनपर्यंत वाट पाहिली. सुधारली नाही. कार्ड बदललं.” “पालम. बारापर्यंत वाट पाहिली, नंतर साडेचारपर्यंत पाहिली. गाडी पाच वीसची. कार्ड बदललं.” अकराच्या अकरा ठिकाणी ‘वाट पाहिली’ आहेच. म्हणजे प्रत्येक वेळी त्यांनी माझ्या चिपला संधी दिली, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या एसटीच्या आत ती संपवली. कधी बागेची फिकीर, कधी परतीच्या गाडीची. एकदाही त्यांनी खिशातला फोन काढून मला लावला नाही, की म्याडम, बंद पडलीय, काय करू? मी म्हणाले असते, हात लावू नका. उद्यापर्यंत थांबा.

ती वही वाचताना मला जो राग आला तो त्यांच्या खोटेपणाचा नव्हता. खोटं माणूस भीतीने बोलतो, मायेने बोलतो, तेवढं मला समजतं. राग याचा होता, की या माणसाचा माझ्यावर भरोसा नव्हता. जगासमोर माझी पाठ राखायला तो धावत होता आणि मनातून त्याची खात्री होती, की बाईंचं हे काही जमायचं नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला मागून बटण फिरवणारा तो हात पुढे बावीस वर्षं माझ्या मागेच राहिला होता, आणि मला वाटत होतं मी स्वतः शिकवतेय.

मी ती अकरा कार्डं प्रयोगशाळेत आणली. टेबलावर ओळीने मांडली, प्रत्येकाला वीज दिली, आणि चिपला आपली जोडणी शोधायला सोडून दिलं. हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावलं. पहिला दिवस गेला, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पालमच्या एका कार्डाचा हिरवा दिवा लागला होता. ते कार्ड ओल बरोबर मोजत होतं. मी तीनतीनदा तपासलं. चौथ्या दिवशी चारठाण्याचं एक लागलं. माझी सही असलेलं, त्या पहिल्या उन्हाळ्यातलं, ज्याच्यावर मी पेढे वाटले होते ते. म्हणजे पेटी खरंच सुधारली असती. सहा तासांत नाही, तीन-चार दिवसांत. बागेला तोवर दुसरं काहीतरी करून पाणी देता आलं असतं, आणि मला खरी गोष्ट मिळाली असती, लहानशी पण खरी. बाकीची नऊ महिनाभर चालू ठेवली. ती उठली नाहीत.

अकरातली दोन. यावर प्रबंध होत नाही. मी विद्यापीठाला आणि शोधनिबंध छापणाऱ्यांना पत्रं लिहिली, की शेतातल्या नोंदी ग्राह्य धरू नयेत, पदवीबद्दल जो निर्णय व्हायचा तो मला मान्य असेल. आमच्या विभागप्रमुखांनी पत्र पाठवायच्या आधी मला केबिनमध्ये बसवून समजावलं. “कशाला करताय? कुणी विचारलंय का? आणि लोक काय म्हणतील, गेलेल्या माणसावर ढकलून मोकळी झाली.” ते खोटं नव्हतं. तसं म्हणणारे आता भेटतातही. हा लेख लिहू का, हे विचारायला मी पुन्हा कौसल्यावहिनींकडे गेले. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मी उठले. दारापर्यंत आल्यावर त्या मागून म्हणाल्या, “लिवायचं तर समदं लिवा. तुमी एकदाच गेलत्या ते बी लिवा.” लिहिलं आहे.

मुंजाभाऊ वाईट माणूस नव्हते. गयाबाईंच्या नातवाचा रेडिओ, वॉचमनचा पंखा, आमच्या शिपायाच्या सुनेचा मिक्सर, असलं काही ना काही त्यांनी दुरुस्त करून दिलं नाही असं घर आमच्या ओळखीत नाही. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज बदलला, की ते निरोपाची वाट न बघता यायचे. हे सगळं मी विसरलेली नाही. पण नऊ आठवडे झाले, मला त्यांच्यासाठी अजून नीट रडता आलेलं नाही. रडू येतं ते मध्येच थांबतं आणि मी मनात भांडायला लागते. तुम्ही सांगितलं का नाही? समोर कुणी नसतं. भांडण अर्धंच राहतं...

आमच्या प्रयोगशाळेत दाराजवळ मुख्य स्विच आहे. त्याच्यावर मुंजाभाऊंनी स्वतः रंगवलेली एक पाटी आहे, पिवळ्यावर काळी अक्षरं: ‘जाताना बंद करावे.’ पाच वाजले की ते त्या स्विचपाशी जाऊन उभे राहायचे, सगळी खोली एकदा नजरेखालून घालायचे आणि मगच खटका ओढायचे. वर्षानुवर्षं हे बघून आमच्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, जाताना त्या खटक्याकडे हात न्यायची सवय लागली आहे. ती अकरा कार्डं चालू ठेवायची तर खटका ओढून चालणार नव्हतं. म्हणून पहिल्याच दिवशी मी एका कोऱ्या कागदावर ‘बंद करू नये’ असं लिहून तो कागद त्या पाटीवर चिकटवला. आता कार्डांचं काम संपलंय. कार्डं डब्यात गेली, डबा कपाटात गेला. रोज पाच वाजता कुणीतरी त्या कागदासमोर थांबतं आणि विचारतं, “मॅडम, आता बंद करू का?” मी हो म्हणते. कागद काढून टाका, असंही मला दोनदा सुचवून झालं. काढला की मुंजाभाऊंचं अक्षर पुन्हा दिसेल... मी अजून तो काढू दिलेला नाही.